परतून येण्याची किंमत



पत्रिकेवर आजचा विषय जरा भारदस्त छापला गेला आहे: ‘कथात्म साहित्यातील पुनर्जन्माची धार्मिक प्रतीके आणि त्यांचा सन्मान’. घाबरू नका. प्रश्न साधाच आहे. गोष्टीत मेलेला माणूस परत आणायचा असेल आणि त्यासाठी एखाद्या धर्माचे चिन्ह हाताशी घ्यायचे असेल, तर लेखकाने कशाचे भान ठेवावे? परवानगी कोणाची घ्यावी? देवाची, धर्मगुरूंची, की वाचकांची? की कोणाचीच नको?

हा प्रश्न वसईच्या भुईगावात विचारायला खास कारण आहे. १९५६ साली याच गावात काळ्या दगडाची एक फुटकी शिळा सापडली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे तेव्हाचे ग्रंथपाल एन. ए. गोरे यांनी ती उजेडात आणली. तिच्यावर सम्राट अशोकाच्या नवव्या लेखाच्या सुरुवातीच्या अकरा ओळी आहेत, आणि आज ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्या लेखात अशोक कशाविषयी बोलतो? युद्धाविषयी नाही, करवसुलीविषयी नाही. लोकांच्या विधींविषयी बोलतो. माणसे आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे विधी करतात. करावेत, तो म्हणतो, पण त्यांचे फळ थोडे. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, जिवांवर हात न उगारणे, श्रमण-ब्राह्मणांना दान देणे, या विधीचे फळ मोठे. (लेखात बायकांच्या व्रतवैकल्यांवर सम्राटाने जरा जास्तच ताशेरे ओढले आहेत. समोरच्या भगिनींनी मोठ्या मनाने त्याला माफ करावे.)

हातात सत्ता आहे, विधी पटत नाहीत, तरी तो त्यांना हसत नाही. बंदीही घालत नाही. ‘करावेत’ म्हणतो आणि मग आपले मत मांडतो. गिरनारला असलेल्या बाराव्या लेखात तर त्याने स्पष्टच सांगितले आहे की आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करताना जिभेला लगाम हवा. आजच्या विषयाचा निम्मा भाग त्या राजाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवला आहे. उरलेला निम्मा लेखकांचा.

आता जरा आजूबाजूला पाहू. इथून काही मैलांवर सोपाऱ्याचा स्तूप आहे. १८८२च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उघडला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात एकात एक बसवलेल्या डब्या, सगळ्यांत आतली सोन्याची. त्या तांब्याच्या करंडकाभोवती आठ छोट्या कांस्यमूर्ती होत्या: सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा मैत्रेय, जो अजून यायचा आहे. निर्मळला शंकराचार्यांची समाधी मानली जाते, तिथे कार्तिकात यात्रा भरते. आणि चहूकडे आपली चर्चेस, जिथे ईस्टरच्या रात्री अंधारात नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर पुनरुत्थानाची मोठी मेणबत्ती लावतात. बौद्धांचा पुनर्भव, हिंदूंचा पुनर्जन्म, ख्रिस्ती लोकांचे पुनरुत्थान, तिन्ही एका दुपारच्या रपेटीत. असे गाव लेखकाला सहसा मिळत नाही.

पण एका रपेटीत बसतात म्हणून ती तिन्ही एकच आहेत का? इथेच लेखकाचा पहिला घोटाळा होतो. ‘सगळे धर्म शेवटी तेच सांगतात’ हे वाक्य सभेत टाळ्या घेते, कादंबरीत मात्र पात्राचा घात करते.

हिंदू परंपरेत पुन्हा जन्म घेणे ही देणगी नव्हे, ती अडकणूक आहे. फेरा म्हणतात त्याला. सुटायचे असते त्यातून. ख्रिस्ती श्रद्धेत परत परत येणे नाहीच. एक जन्म, एक मरण आणि मग एकदाच, देहासकट, उठणे. बुद्धाच्या शिकवणीत तर परत येणारा आत्माच नाही. मग जातककथांत ‘तेव्हाचा तो मीच’ असे बुद्ध कसे म्हणतात? हा पेच अडीच हजार वर्षे विद्वानांना पुरला आहे, आज तो सुटणार नाही. पण जातकांतली एक कथा वसईकरांना ठाऊक असायला हवी. तिच्या नायकाचे नावच सुप्पारक, म्हणजे सोपारा. भरुकच्छ बंदरातला, म्हणजे भडोचचा, तांडेल. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेलेले. तरी व्यापारी त्याला गळ घालून जहाजावर नेतात, जहाज भलत्याच समुद्रात भरकटते, आणि हा आंधळा माणूस पाण्याचे वर्णन ऐकून कुठला समुद्र ते सांगतो. शेवटी तो एका सत्यवचनाच्या बळावर सगळ्यांना वाचवतो: जाणूनबुजून कुठल्याही जिवाला मारल्याचे त्याला आठवत नाही. हा बोधिसत्त्व. ना राजा, ना देव. खारे पाणी लागून डोळे गमावलेला खलाशी.

या गोष्टीत पुनर्जन्माचा चमत्कार किती आहे? जवळजवळ नाहीच. आहे तो घाम, अंधत्व आणि जन्मभर सांभाळलेली एक सवय. धार्मिक परंपरांमध्ये परतून येणे फुकट नसते, आणि हीच आजच्या व्याख्यानाची मध्यवर्ती गोष्ट आहे. कथाकार प्रतीकाचा अनादर करतो तो बहुतेक वेळा शिवी देऊन नाही, तर परतण्याची किंमत कापून टाकून.

ख्रिस्ताचेच पाहा. उठलेल्या ख्रिस्ताच्या अंगावर जखमा राहतात. योहानाच्या शुभवर्तमानात थोमा त्या पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायला तयार नाही. ईस्टरच्या मेणबत्तीतसुद्धा धुपाचे पाच दाणे खोचतात, त्या पाच जखमांची खूण म्हणून. म्हणजे मृत्यूवर विजयाचे जे सर्वांत उजळ चिन्ह, त्यावरही जखमा आहेत. हे ज्याने पाहिले तो कथाकार आपल्या नायकाला अपघातातून, तुरुंगातून, व्यसनातून ‘पुनरुत्थित’ करताना गोरागोमटा परत आणेल का? दस्तयेवस्कीने ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही कादंबरी १८६६ साली लिहिली. तिच्यात सोनिया खुनी नायकाला मेलेल्या लाझरसच्या उठण्याची कथा वाचून दाखवते. नायक लगेच उठत नाही. कबुली, सायबेरिया, कैद, सगळे भोगावे लागते. प्रतीक मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत धगधगत राहते.

आपल्याकडची उदाहरणे कमी ताकदीची नाहीत. शुक्राचार्यांच्या शिष्याची, कचाची गोष्ट घ्या. असुर त्याला मारतात, शुक्राचार्य संजीवनीने उठवतात. पुन्हा मारतात, पुन्हा उठवतात. तिसऱ्यांदा जाळून त्याची राख मद्यातून गुरूंनाच पाजतात. आता शिष्य बाहेर यायचा तर गुरूंचे पोट फाडूनच. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली यावर ‘संगीत विद्याहरण’ लिहिले आणि सगळा जोर मद्यपानाच्या नाशावर दिला. कथा पुराणातली, प्रश्न त्यांच्या काळातला. कोणी म्हणाले का, की खाडिलकरांनी संजीवनीची विटंबना केली? नाही. कारण मूळ कथेतली किंमत त्यांनी तशीच ठेवली, फक्त तिचा हिशेब प्रेक्षकांच्या घरापर्यंत आणला.

त्याच १९१३ साली गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळक्यांना चित्रपटाची हाक कशातून आली? येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना. पडद्यावर ख्रिस्त आणि डोळ्यांसमोर राम-कृष्ण, असे त्यांनीच पुढे लिहिले. एका धर्माच्या चित्रातून दुसऱ्या धर्माचे चित्र जन्मले, आणि पहिल्याचे काही कमी झाले नाही. हरिश्चंद्राच्या कथेतही मेलेला रोहिदास शेवटी उठतो. पण त्याआधी काय होते? तारामती मुलाचे प्रेत घेऊन स्मशानात येते आणि तिथे राखणीला उभा असलेला तिचाच नवरा तिच्याकडे स्मशानाचा कर मागतो. पदरी दमडी नाही. परत येण्याची किंमत याहून उघडपणे कोणी मांडली आहे?

पुढे हिंदी चित्रपटाने पुनर्जन्म स्वस्त केला. ‘मधुमती’ (१९५८) अजून सुंदर आहे. ‘कर्ज’ (१९८०), ‘करण अर्जुन’ (१९९५) लोकांना मनापासून आवडले. त्यांना नाके मुरडायचे कारण नाही. पण तिथे कालीमातेचे देऊळ हे बहुतेक वेळा सूड वसूल करण्याचे कार्यालय असते. ज्या फेऱ्यातून संत सुटू पाहतात, तोच फेरा इथे बक्षीस म्हणून मिळतो.

आणि संत खरेच सुटू पाहतात का? इथे मराठी माणसाने थांबावे. तुकोबांनी देवाजवळ चक्क गर्भवास मागितला आहे. मुक्ती नको, पुन्हा पुन्हा जन्म चालेल, फक्त संतांची संगत असावी आणि देवाचा विसर पडू नये, एवढेच. कीर्तनाच्या शेवटी आजही ते मागणे गातात. म्हणजे एका अभंगाने वेदान्ताची सगळी मांडणी उलटी केली, आणि वारकऱ्यांना तो अनादर वाटला नाही. असे का? कारण तुकोबांना त्या फेऱ्याचे दुःख पुरते ठाऊक होते. दुष्काळात घरची माणसे गेली होती. ठाऊक असून मागितले. अज्ञानातून आलेली मोडतोड आणि जाणतेपणाने केलेली उलथापालथ, या दोहोंत फरक असतो, आणि तो सामान्य वाचकाला बरोबर कळतो.

लेखकांसाठी जाता जाता एक गोष्ट. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी सच्चिदानंदबाबांना मृत्यूतून परत आणले अशी परंपरा सांगते. परत आलेल्या माणसाने पुढे काय केले? ज्ञानेश्वरी लिहून घेतली. दुसरा जन्म मिळाला आणि लगेच लेखनिकाची नोकरी लागली! मानधनाचा उल्लेख कुठे नाही.

आता दुसरा मुद्दा, जो जरा टोचणारा आहे. प्रतीक कोण उचलतो आणि कोणाकडून? फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्या. स्वर्गाला वैकुंठ म्हटले, नरकाला यमपुरी म्हटले, आणि ओवीच्या चालीवर क्रूस आणि पुनरुत्थान दोन्ही सांगितले. त्या वेळच्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले ते हस्तलिखितांवरून. मराठीवर इतके प्रेम करणारा परदेशी माणूस विरळा. आणि त्याची शिस्तही पाहण्यासारखी आहे: वैकुंठ घेतले, पण जन्मांचा फेरा घेतला नाही. आपल्या श्रद्धेत जे नाही ते गोडवा आणण्यासाठीही त्याने घुसडले नाही.

तरीही, ‘ख्रिस्तपुराण’ वाचताना एक गोष्ट विसरता येत नाही. नवख्रिस्ती लोकांना पुराण हवे होते, कारण त्यांची जुनी पुराणे त्यांच्याजवळ राहू दिली नव्हती. गोव्याच्या साष्टीतली देवळे १५६७ साली पाडली गेली होती, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६०पासून बसले होते. वैकुंठाचे नाव ओवीत सन्मानाने आले, वैकुंठनाथाचे देऊळ मात्र जमीनदोस्त होते. स्टीफन्सची कविता याने खोटी ठरत नाही, पण तिच्याभोवतीचे राज्य आपण डोळ्यांआड करू नये. उलट बाजूचेही पाहा. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे. मेणवलीच्या घंटेवर मेरीमातेची आकृती आजही दिसते. ती विजयाची लूट होती, हे खरे. तिच्यावरची आई कोणी घासून काढली नाही, हेही खरे. दोन्ही एकाच घंटेबद्दल म्हणता येते, आणि कादंबरीकाराला असली दुहेरी वस्तू लाख मोलाची असते.

सत्तेचा हा हिशेब सर्वांत स्वच्छ मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे साफ नाकारले आहे. का? अवतार म्हणणे हा तर गौरव झाला, असे कोणी भाबडेपणाने म्हणेल. पण ज्या समाजाला ‘मागच्या जन्मीच्या पापामुळे तुझी ही जात’ असे पिढ्यान्पिढ्या ऐकवले गेले, त्याच्यासाठी पुनर्जन्म हे सुंदर रूपक नव्हते. ती शिक्षेची भाषा होती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी पुनर्जन्माचा प्रश्न मुळापासून पुन्हा विचारला: पुनर्जन्म कशाचा, आणि कोणाचा? आणि त्याच प्रतिज्ञांच्या शेवटाकडे ते सांगतात की आज आपला नवा जन्म होत आहे. मागच्या जन्माचे ओझे झुगारून याच देहात घेतलेला जन्म. दीक्षाभूमीचे वर्णन करणाऱ्या कथाकाराने हे दोन्ही एकत्र ध्यानात ठेवायला नकोत का? उद्या कोणी फँटसी कादंबरीत दशावतारांच्या रांगेत बुद्धाला सहज बसवील. त्याचा हेतू वाईट नसेलही. पण अज्ञानाचा दंड वाचकाने का भरावा?

आता तिसरी बाजू. आदर म्हणजे भीती का? २००८-०९मधले प्रकरण अनेकांना आठवत असेल. डॉ. आनंद यादव महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडून आले होते. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतील तुकोबांच्या तरुणपणाच्या चित्रणावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली, तरी राग शमला नाही. त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. ‘झोंबी’ लिहिणारा, खेड्यातून आलेला हा लेखक तुकोबांचा वैरी होता काय? वारकऱ्यांचे दुखणे खोटे नव्हते. पण पुस्तकच नाहीसे झाले की चर्चाही संपते, आणि चित्रण कुठे चुकले, कुठे बरोबर होते, हे तपासण्याची सोय उरत नाही. त्या प्रकरणात हरले ते दोन्ही पक्ष. कायदासुद्धा, पूर्वीच्या दंड संहितेचे कलम २९५अ आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम २९९, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानाची गोष्ट करतो. मोर्चाला मात्र हेतू तपासायला वेळ नसतो.

त्याच तुकोबांवर १९३६ साली प्रभातने चित्रपट काढला, दामले-फत्तेलाल यांचा. त्यात वैकुंठगमन दाखवले आहे, गरुडासकट. श्रद्धाळू प्रेक्षक हात जोडतो. पण खाली जमिनीवर तुकोबांची बायको जिजाई राहते, संसार आणि पोरे घेऊन. चमत्कार मानणाऱ्यालाही तिची आठवण सोडत नाही, आणि न मानणाऱ्याला तर तीच चित्रपटाचे सत्य वाटते. दिग्दर्शकांनी श्रद्धेची खिल्ली उडवली नाही आणि मागे राहिलेल्या बाईचे दुःखही लपवले नाही. असे करता येते, मंडळी. नव्वद वर्षांपूर्वी, तोकड्या तंत्राने, मराठीत केले गेले आहे.

मग वसईच्या लेखकाने काय करावे? एक तर, शेजाऱ्याचा ग्रंथ वाचावा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे नंदाखालला जन्मले आणि २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांनी ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकाच्या हाती दिले आहे. आता बायबलची भाषा कळत नाही ही सबब चालणार नाही. ख्रिस्ती लेखकानेही तुकोबांची गाथा आणि बाबासाहेबांचा धम्मग्रंथ उघडावा. शिवाय कच्चा खर्डा त्या श्रद्धेच्या एखाद्या जाणत्या माणसाला वाचायला द्यावा. परवानगीसाठी नव्हे. किंमत कुठे कापली गेली, ते त्याला आधी दिसते म्हणून. तो जे सांगेल ते सगळे मानले पाहिजे असे नाही, पण ऐकले पाहिजे.

आणि दर वेळी मोठ्या चिन्हाकडे धाव कशाला? योहानाच्या शुभवर्तमानात गव्हाचा दाणा जमिनीत पडून मरतो आणि मग पीक देतो. वसईत गहू कुठला? इथे केळीची वाडी आहे. राजेळीचा घड उतरला की ते खोड तोडावे लागते, आणि बुंध्याशी मुनवा आधीच उभा असतो. इथल्या ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध, सगळ्या वाचकांनी ते पाहिले आहे. त्यावर कोणाचा मोर्चा येणार नाही, आणि मरण-जन्माबद्दल सांगायचे ते सगळे त्यात सांगता येते.

शेवटी श्रोत्यांना एक विनंती. आंधळा तांडेल सुप्पारक, निर्मळची यात्रा आणि ईस्टरची मेणबत्ती एकत्र आणणारी एक मोठी मराठी कादंबरी या पट्ट्यातून यायला हवी. ती आली की आधी पूर्ण वाचा. पटले नाही तर लेखकाला पत्र लिहा, लेख लिहा, याच व्यासपीठावर बोलावून त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारा. आणि तुमच्यापैकी कोणाच्या कपाटात असा खर्डा पडून असेल, तर तो बाहेर काढा.